आपणच घडविलेल्या यानात

पूल बांधणारा इंजिनियर काम पुरे झाले की नकाशे गुंडाळतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. पुलावरून जाणाऱ्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. तरी ते आपला जीव निर्धास्तपणे त्याच्या गणितावर सोपवितात. अवकाशयानात हा विश्वास फार मोलाचा ठरतो. ज्याने यान आखले आणि मग जो स्वतः त्यात बसला, अशा एका रशियन इंजिनियरची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

कोन्स्तान्तिन फेओक्तिस्तोव्ह यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९२६ रोजी वोरोनेझ येथे झाला. १९४२ साली युद्ध त्या शहरात येऊन भिडले, तेव्हा हा सोळा वर्षांचा मुलगा रशियन सैन्यासाठी टेहळणी करीत होता. जर्मनांनी त्याला पकडून गोळी घातली. ती हनुवटीतून शिरून मानेतून बाहेर पडली. मेला असे समजून त्याला तेथेच सोडण्यात आले आणि तो वाचला. पुढे मॉस्कोच्या बाउमन तंत्रसंस्थेतून १९४९ साली ते पदवीधर झाले आणि कालांतराने सर्गेई कोरोल्येव्ह यांच्या हाताखाली यानरचनेचे काम करू लागले.

१९६१ साली गागारिन ज्या 'वोस्तोक' यानातून गेले, त्याची माणसाला परत आणणारी कुपी अगदी गोल होती. या आकाराचा पुरस्कार करणाऱ्यांत फेओक्तिस्तोव्ह प्रमुख होते. गोल का? चेंडू कसाही फिरला तरी हवेचा विरोध सर्व बाजूंनी सारखाच; म्हणून त्याच्या गतीचे गणित सोपे. शिवाय वजन एका बाजूला अधिक ठेवले, म्हणजे बुडाशी शिसे भरलेली बाहुली जशी आपोआप उभी राहते, तशी कुपीही आपोआप योग्य बाजूने वळते. अर्थात याचीही किंमत होतीच. परतताना आतल्या माणसाला आपले वजन आठ-नऊ पट झाल्यासारखे वाटे.

पुढे अमेरिका दोन माणसांचे यान तयार करीत असता, त्याआधी तिघांना पाठविण्याचा निर्णय रशियात झाला. यान नवे नव्हते; एकट्यासाठी केलेल्या त्याच गोलात तीन आसने बसवायची होती! जागा नाही म्हणून अंतराळपोशाख गेले. आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोयही गेली. आसने आडवी फिरवावी लागली, उपकरणे मात्र जुन्याच जागी राहिली. ती वाचायला मान वळवावी लागे. उड्डाणाच्या आरंभी बिघाड झाला असता तर सुटकेचा मार्ग नव्हता. या बेताविषयी फेओक्तिस्तोव्ह प्रथम नाखूष होते. एक आसन इंजिनियरला मिळेल या आश्वासनावर ते राजी झाले, असे सांगतात.

१२ ऑक्टोबर १९६४ रोजी 'वोसखोद' निघाले. कोमारोव्ह हे प्रमुख, येगोरोव्ह हे डॉक्टर आणि फेओक्तिस्तोव्ह हे इंजिनियर. पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या करून, चोवीस तासांहून थोड्या अधिक वेळाने ते सुखरूप उतरले. हवाई छत्रीच्या जोडीला, जमीन जवळ येताच पेटणाऱ्या अग्निबाणाने धक्का सौम्य केला होता.

पुन्हा अवकाशात जाण्याचा योग त्यांना आला नाही. १९८० साली तयारी झाली, पण प्रकृती आड आली. 'सॅल्यूत' आणि 'मीर' या अवकाशस्थानकांच्या रचनेत मात्र त्यांचा हात होता. २१ नोव्हेंबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न असा, की रचनाकार स्वतः आत बसल्याने यान सुरक्षित झाले काय? मुळीच नाही. धोका होता तेवढाच राहिला. पोशाखाविना जाण्याची प्रथा पुढे चालू राहिली आणि ३० जून १९७१ रोजी 'सोयूझ-११' परतत असता त्यातील हवा निघून गेली. तिघेही प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी पोशाख सक्तीचे झाले आणि त्यासाठी प्रवासी तिघांचे दोन करण्यात आले. एकदा पार पडलेले धाडस हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, हा धडा फार महागात मिळाला.

तथापि फेओक्तिस्तोव्ह यांच्या त्या एका दिवसाचे महत्त्व उरतेच. नकाशावरून जी सोय त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली गेली, ती त्यांच्या स्वतःच्या अंगावरूनही गेली होती. प्रत्येक इंजिनियरला आपल्या यंत्रात बसणे शक्य नाही. परंतु आत आपणच बसणार आहोत असे समजून रेघ ओढणे, हे प्रत्येकाला शक्य आहे.