अठरा मैल चालत गेलेला बाप

दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहराबाहेर, उसाच्या मळ्यांच्या पट्ट्यात फिनिक्स नावाची वसाहत आहे. १९५० च्या सुमाराची गोष्ट. तिथल्या सोळा वर्षांच्या अरुणने वडिलांना मोटारीने शहरात सोडलं. वडिलांची दिवसभराची परिषद होती. मोटार दुरुस्तीला टाकायची, आईने लिहून दिलेलं सामान आणायचं आणि पाच वाजता वडिलांना घ्यायला यायचं, एवढी कामं त्याच्याकडे होती. ती उरकून पोरगं जॉन वेनच्या सिनेमांत रमलं आणि साडेपाचला भानावर आलं. पोचेपर्यंत सहा वाजत आले होते. ‘गाडी तयार नव्हती’ असं त्याने सांगितलं. वडिलांनी मात्र गॅरेजला आधीच फोन करून विचारलं होतं.

वडील रागावले नाहीत. मुलाला खरं सांगण्याचं धैर्य देण्यात आपण कुठे कमी पडलो याचा विचार करायचा आहे, म्हणून आपण घरी चालत जाणार, एवढं म्हणून ते निघाले. अंतर अठरा मैल, म्हणजे जवळपास २९ किलोमीटर; साधारण वर्ध्याहून पुलगाव गाठण्याइतकं. अंधाऱ्या, कच्च्या रस्त्यावर साडेपाच तास बाप पुढे चालत होता आणि मुलगा मागून मोटार हळूहळू आणत होता. आपल्या एका खोट्यापायी बापाचे हे हाल चाललेले त्याने डोळ्यांनी पाहिले आणि पुन्हा खोटं बोलायचं नाही असं त्या रात्री ठरवलं. शिक्षा झाली असती तर ती सोसून आपण पुन्हा तेच करत राहिलो असतो, असं अरुण गांधी पुढे आयुष्यभर जगाला सांगत राहिले.

तो बाप म्हणजे महात्मा गांधींचे दुसरे चिरंजीव मणिलाल. या गोष्टीचे धागे थेट आपल्या विदर्भात येतात. अरुणची आई सुशीला ही अकोल्याच्या मश्रुवाला घराण्यातली, विचारवंत किशोरलाल मश्रुवालांची पुतणी. १९२७ साली अकोल्यातच तिचं लग्न झालं. आणि खुद्द अरुण लहानपणी आजोबांजवळ सेवाग्रामला राहिला, बोरगाव मेघेच्या माणसाला सायकलने सहज जाता येईल त्या आश्रमात. आफ्रिकेत गोऱ्या पोरांनी तो काळा म्हणून आणि काळ्या पोरांनी तो पुरेसा काळा नाही म्हणून त्याला मारलं होतं. पोरगं सूडाने पेटलं होतं, म्हणून आईवडिलांनी त्याला आजोबांकडे आणलं. आजोबांनी त्याला रागाची वही लिहायला लावली: राग आला की तो वहीत उतरवायचा, पण त्यातून वाट कशी काढायची हे शोधण्यासाठी. जगातल्या सगळ्यात व्यग्र माणसांपैकी एकाने बारा वर्षांच्या नातवाच्या रागासाठी वेळ काढला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या घराण्यात ही रीत आली कुठून? त्यासाठी राजकोटला जावं लागतं. पंधरा वर्षांच्या मोहनदासने भावाचं पंचवीस रुपयांचं कर्ज फेडायला त्याच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा काढला. मन खाऊ लागलं तेव्हा चिठ्ठीत कबुली लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली. मार पडेल ही भीती त्याला नव्हतीच. माझ्या अपराधाची शिक्षा तुम्ही स्वतःला करून घेऊ नका, अशी विनवणी त्या चिठ्ठीत होती. करमचंदांनी ती वाचली, डोळ्यांतल्या पाण्याने कागद भिजला, क्षणभर डोळे मिटून त्यांनी विचार केला आणि चिठ्ठी फाडून टाकली. एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून मोहनदास पुढे बाप आणि शिक्षक म्हणून सहज शहाणे झाले, असं मुळीच नाही. जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर सतरा वर्षांच्या एका दांडगट, खोटारड्या मुलाला त्यांनी रूळ मारला. मारताना त्यांचा हात कापत होता. मुलगा रडला, त्याने माफी मागितली. पण आपण त्याला आपल्यातलं जनावर दाखवलं, याची खंत त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. पुन्हा त्यांनी मुलांवर हात उगारला नाही. आपल्या मराठी मनात आदर्श म्हणून बसलेल्या श्यामच्या आईनेही पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने फटके दिले होतेच.

१९१३ मध्ये आपल्याच फिनिक्स आश्रमातल्या दोघांचं नैतिक पतन झाल्याचं कळलं, तेव्हा गांधीजी जोहान्सबर्गहून निघाले. पालक आपल्या पाल्याच्या चुकीला काही अंशी तरी जबाबदार असतो, हे त्यांना वाटेत उमगलं. कस्तुरबांनी आधीच सावध केलं होतं, ते आपण कानाआड केलं, हेही त्यांनी कबूल केलं. मग सात दिवसांचा उपवास आणि साडेचार महिने एकभुक्त. त्या दोघांपैकी एक मणिलाल होता, हे चरित्रकारांनी नोंदवलं आहे. त्या वेळी बापाला उपाशी बघणारा हा विशीतला मुलगाच पुढे स्वतः बाप झाला आणि अठरा मैल चालला.

पण या मार्गाचा गुण प्रत्येक वेळी येतोच, असं कुणी मानू नये. थोरले हरिलाल शिक्षणावरून वडिलांवर रुसले, १९११ मध्ये घर सोडून गेले, पुढे व्यसनांत बुडाले. गांधीजी एप्रिल १९३६ अखेर सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले आणि महिन्याभरातच हरिलालच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली. कस्तुरबांनी त्याला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. जून १९४८ मध्ये, वडिलांच्या मागोमाग पाच महिन्यांत, हरिलाल मुंबईत वारले. हजारो मुलांच्या शिक्षणासाठी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात नई तालीमची परिषद भरवणाऱ्या माणसाचा थोरला मुलगा शिक्षण नाकारल्याची तक्रार घेऊनच गेला. हे दुःख झाकून ठेवलं तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

आणखी एक धोका आहे. ‘तू असा वागलास तर मी जेवणार नाही’ ही धमकी आपल्या घरांत आया सर्रास देतात. तिचा मणिलालच्या चालण्याशी काही संबंध नाही. मूल नमावं म्हणून केलेला उपास हीसुद्धा मारहाणच. जिथे खरं प्रेम नाही तिथे असा उपवास अपायकारक ठरू शकतो, असं गांधीजींनीच बजावलं आहे. मणिलालने मुलाकडून काही मागितलं नव्हतं. त्याला स्वतःची चूक शोधायची होती. माझ्या मते पालकपणाचं सगळं अवघड काम इथे आहे. पोट्टं खोटं बोललं की आपण त्याला ‘खोटं का बोललास?’ असं दरडावतो. घरात खरं बोलायची त्याला भीती का वाटली, हे स्वतःला विचारत नाही.

शाळेत मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मना आहे. घरातल्या माराला मात्र असा स्पष्ट मज्जाव आपल्याकडे अजून नाही. स्वीडनने तो जगात सर्वांत आधी, १९७९ मध्ये केला. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तिथल्या आईबापांनी तरी कायदा होण्याची वाट पाहू नये.