पोट लहान केल्यावर ताटात काय वाढावे?



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा याविषयी लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. गेल्या हंगामात ऊस नोंदीच्या कामाने एका सभासदाच्या वस्तीवर गेलो, तर घरधनी बाजेवर पडून. वजन कमी करण्याचे ऑपरेशन पुण्याला करून आठच दिवस झाले होते. पाहुण्यांची रीघ लागलेली, कोणी लाडू आणलेले, कोणी उसाचा रस. ‘काही खात न्हाईत, पार गळून गेले’ म्हणून घरच्यांनी आग्रहाने शिऱ्याचे दोन घास भरवले आणि तासाभरात ते उलटले. ऑपरेशन वाया गेले म्हणून बाया रडायला लागल्या होत्या. दवाखान्याने दिलेला आहाराचा कागद होता, पण तो इंग्रजीत! घडी करून देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेला. आम्ही काही डॉक्टर नव्हे. कागद वाचून दाखवला, दवाखान्यात फोन लावून दिला, आणि मग हा विषय नीट समजून घेतला.

2011 साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथम ऐकले. 2017 साली इजिप्तची एक अतिशय वजनदार बाई विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणली, त्याच्याही बातम्या सर्वांनी पाहिल्या. तिला ऑपरेशनच्या आधीही प्रथिनयुक्त पातळ आहारावरच ठेवले होते. आता आपल्या जिल्ह्यातले लोकही हे ऑपरेशन करून येतात.

याचे दोन प्रकार जास्त चालतात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा अधिक काढून टाकतात, केळ्यासारखी नळी उरते. ‘बायपास’मध्ये वरच्या बाजूला दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. दोन्हींत आत टाके असतात. म्हणून साधारण पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन घोटलेले, मग दुसरा महिना संपेपर्यंत मऊ, असा क्रम असतो. दवाखान्यागणिक त्यात फरक पडतो, तेव्हा आपल्या डॉक्टरांचे वेळापत्रक तेच खरे मानावे.

आता मुख्य मुद्दा. माणूस चार चमच्यांवर आला की शरीर चरबी जाळते, पण त्याबरोबर मांसही झडते. जखम भरायला आणि अंगातली ताकद टिकायला प्रथिने लागतात, रोजची सुमारे 60 ते 80 ग्रॅम. ती कमी पडली की अशक्तपणा येतो. तीन-चार महिन्यांनी केस गळतात तेव्हा घरचे घाबरतात. झपाट्याने वजन उतरल्याने थोडे केस गळतातच, पण प्रथिने कमी पडली तर जास्त गळतात. म्हणून घास कुठलाही असो, आधी प्रथिनाचा. जागा उरली तर बाकीचे.

इथेच आपल्याकडे गफलत होते. आजाऱ्याला आपण वरणाचे पाणी देतो, मटणाचा रस्सा देतो, साबुदाण्याची किंवा तांदळाची पेज देतो. वरच्या पाण्यात प्रथिने नाममात्र, ती खाली बसलेल्या डाळीत. रश्शात चव आणि तेल, प्रथिने फोडींत. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट. पहिले दोन दिवस पाणीच द्यायचे असते तेव्हा हे ठीक, पण त्यावर महिना काढला तर माणूस खंगतो.

मग द्यावे काय? बहुतेक सगळे घरातच आहे. दूध तर आपल्या जिल्ह्याचे दुसरे पीक! पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने, एका अंड्यात सहा. दही फडक्यात टांगून पाणी गाळले की चक्का होतो, त्यात चमच्यामागे प्रथिने वाढतात. मात्र साखर घालून त्याचे श्रीखंड करायचे नाही. मुगाची डाळ मऊ शिजवून घोटावी. बिनतिखटाचे पातळ पिठले उत्तम. मऊ पनीर कुस्करून, अंड्याची ओलसर भुर्जी, काटे काढून उकडलेला मासा हे मऊ आहाराच्या दिवसांत चालते. हुलग्याचे माडगे आपल्या आज्या करायच्या, तेही गुळाऐवजी मीठ-जिरे घालून बारीक गाळून द्यावे, पण वायू धरला तर थांबावे. बाजरीची कोरडी भाकरी, ताजी लुसलुशीत चपाती आणि मोकळा भात नंतर. ते घशाखाली अडकतात, चपातीचा तर गोळाच होतो.

हे सारे दिले तरी पहिल्या आठवड्यांत 60 ग्रॅमचा हिशेब घरच्या अन्नावर बसत नाही, पोटात जागाच नसते. म्हणून दवाखान्याने दिलेली प्रथिनांची पावडर महाग वाटली तरी मनाने बंद करू नये.

पाण्याचे म्हणाल तर पाट फोडून नको, ठिबक हवे. दिवसात दीड लिटर पाणी पोटात गेले पाहिजे, पण घोट-घोट. जेवताना तांब्या शेजारी ठेवूच नये. जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. घास चमच्याच्या टोकाएवढा, भरपूर चावलेला. ‘पोट भरलं’ वाटले की त्या घासालाच थांबायचे, ताटात टाकायचे नाही हा आपला संस्कार इथे बाजूला ठेवायचा.

साखरेचे लिहायला हात जरा अडखळतो, कारण सगळ्यांचा प्रपंच तिच्यावर चालतो. तरी लिहितो. बायपास झालेल्याने उसाचा रस, गूळ, लाडू घेतले की साखर एकदम आतड्यात उतरते. घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, चक्कर येते. स्लीव्हवाल्यालाही ती परवडत नाही, प्रथिनाची जागा ती खाते. दिवाळीची सवलतीची साखर जरूर न्यावी, त्या माणसाच्या वाटीत घालू नये. पाहुण्यांनीही लाडूंऐवजी अर्धा डझन अंडी न्यावीत.

ताप, जोरात चालणारी नाडी, वाढती पोटदुखी किंवा धाप यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तरी तेच, कारण ब-1 जीवनसत्त्व संपून नसांना इजा होते. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी जोडाच्या जागी व्रण पडतो. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवू नयेत, साखर खाली जाते. ब-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या असतात.

ते सभासद परवा गटावर आले होते, मोटारसायकल स्वतः चालवत. कोणाच्या घरी असा इंग्रजी कागद पडून असेल तर गट ऑफिसला घेऊन यावा. शेतकी खात्याचे कोणीही तो वाचून मराठीत उतरवून देईल. औषधांच्या मात्रेचे मात्र डॉक्टरांनाच विचारावे.