ई-स्कूटर एका चार्जमध्ये किती जाते? माझ्या चुकलेल्या उत्तराची गोष्ट

मागच्या जुलैमधली गोष्ट. संध्याकाळी लॅब बंद करत होते, तेवढ्यात ताईचा फोन आला. "अगं, गाडी हर्सूल टी-पॉइंटला बंद पडलीय. तू तर म्हणाली होतीस ८५ जाईल म्हणून!"

ही ताई म्हणजे आमच्या शेजारच्या विभागातली सीनियर. पीएचडी सुरू आहे आणि फुलंब्रीच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. सिडकोतल्या घरापासून कॉलेजच्या गेटपर्यंत २८ किमी, म्हणजे जाऊन-येऊन ५६. तासिकेचं मानधन कधी जमा होईल याचा भरवसा नाही, पेट्रोल मात्र रोज रोख लागतं. म्हणून तिने तीन वर्षं वापरलेली एक ई-स्कूटर बघितली आणि मला विचारलं, "तू फिजिक्सची ना, सांग बरं, ही रोज झेपेल का?" मी चहा पिता पिता कागदावर हिशोब केला आणि सांगून टाकलं, "८५ किमी जाईल. बिनधास्त घे."

माझं गणित बरोबर होतं, उत्तर चुकलं. पेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला हा फरक कधी ना कधी भेटतो, म्हणून तो हिशोब जसाच्या तसा मांडते. आधी गणित, मग चूक.

टाकी किती आणि खर्च किती

रेंज म्हणजे साधा भागाकार: बॅटरीतली वापरता येणारी ऊर्जा भागिले दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा.

बॅटरीची ऊर्जा काढायला व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. या गाडीच्या पॅकवर ५१.८ व्होल्ट आणि ५६ अँपिअर-अवर लिहिलं होतं. गुणाकार आला २९०० वॅट-अवर, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत २.९ युनिट. सेल जपण्यासाठी गाडीची यंत्रणा बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, म्हणून वापरायला साधारण ९० टक्के धरले: २६०० वॅट-अवर.

आता खर्च. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना गाडी दोन गोष्टींशी झुंजते. पहिली, टायर आणि रस्ता यांच्यातला रोलिंग रेझिस्टन्स. गाडी, ताई आणि पुस्तकांची बॅग मिळून वस्तुमान १८५ किलो. रोलिंगचा गुणांक ०.०१४ धरला तर हे बल साधारण २५ न्यूटन येतं. वेग बदलला तरी ते फारसं बदलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर अवरोध चौपट. आपलं शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे ३० अंश तापमानाला हवेची घनता दर घनमीटर १.०९ किलोच्या जवळ येते. पुस्तकातलं १.२२५ हे समुद्रसपाटीचं आणि १५ अंशांचं मूल्य आहे. ते डोळे झाकून वापरलं, तर पहिल्याच पायरीवर हवेचा अवरोध १२ टक्क्यांनी जास्त येतो. बसलेल्या माणसासह स्कूटरचं समोरचं क्षेत्रफळ गुणिले ड्रॅगचा गुणांक मी ०.६ चौरस मीटर धरला.

एक सोपी युक्ती लक्षात ठेवा. एकूण बल न्यूटनमध्ये काढा आणि ३.६ ने भागा. दर किलोमीटरला किती वॅट-अवर लागतील ते थेट मिळतं. कारण १ न्यूटनने १ किमी ढकललं की १००० ज्यूल लागतात आणि १ वॅट-अवर म्हणजे ३६०० ज्यूल. बॅटरीपासून चाकापर्यंत पोचताना काही ऊर्जा कंट्रोलर आणि मोटरमध्ये उष्णता होऊन जाते, म्हणून शेवटी ०.८ ने भागायचं. उत्तरं अशी आली:

- ताशी ४० किमी: दर किमी २३ वॅट-अवर, रेंज साधारण ११३ किमी
- ताशी ५० किमी: दर किमी ३१ वॅट-अवर, रेंज साधारण ८५ किमी
- ताशी ६० किमी: दर किमी ४० वॅट-अवर, रेंज साधारण ६५ किमी

बॅटरी तीच, गाडी तीच, चालवणारी तीच. फक्त वेग ४० वरून ६० वर गेला आणि ४८ किमी गायब झाले.

मग जाहिरातीतला आकडा खोटा का?

खोटा नाही. आपल्याकडे जाहीर केली जाणारी रेंज बहुतेकदा इंडियन ड्रायव्हिंग सायकलवर मोजलेली असते. गाडी रोलरवर ठेवतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करतात. एक फेरा १०८ सेकंदांचा, त्यात कमाल वेग ताशी ४२ किमी आणि सरासरी २२ च्या आसपास. म्हणजे तो आकडा शहरात हळू चालणाऱ्या गाडीबद्दल बोलतो, जळगाव रोडवर ५०-६० ने जाणाऱ्या गाडीबद्दल नाही. वेगळ्या प्रश्नाचं ते बरोबर उत्तर आहे. संशोधनात दुसऱ्याचा आकडा उचलताना सगळ्यात आधी हे बघा, की त्यांनी कोणता प्रश्न विचारला होता.

घाटाला आपण उगाच घाबरतो

ताईला धास्ती होती चौक्याच्या घाटाची. तोही हिशोब करू. १८५ किलो वजन १०० मीटर उंच न्यायला ५० वॅट-अवर लागतात. मोटरचं नुकसान धरून ६३. म्हणजे १०० मीटरची चढाई साधारण २ किमी रेंज खाते, आणि उतरताना त्यातलं थोडं परतही मिळतं. सिग्नलचंही तसंच. ४० च्या वेगावरून थांबून पुन्हा तोच वेग पकडायला दर वेळी ४ वॅट-अवर. पंधरा वेळा थांबलात की एक घाट चढून झाला!

घाटात मोटर तापते, गाडी कण्हते, म्हणून तो खर्च आपल्याला जाणवतो. मोकळ्या रस्त्यावर ६० ने जाताना काहीच जाणवत नाही आणि खरी गळती तिथेच असते. जे जाणवतं ते मोठं असेलच असं नाही, म्हणून तर मोजायचं.

आता माझी चूक

एक नाही, तीन होत्या.

पहिली: मी पॅकवरचा आकडा घेतला. तो नव्या बॅटरीचा होता, ही तीन वर्षं चाललेली. लिथियम-आयन सेल वापराने आणि नुसत्या वयानेही झिजतात, आणि उष्णतेत ती झीज वेगाने होते. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. गाडी बंद पडल्यावर आम्ही घरच्या सॉकेटला लावायचा एक साधा एनर्जी मीटर आणला. २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज व्हायला भिंतीतून १.८ युनिट लागले. ०.८ ने भागून २.२५, त्यातून चार्जिंगमध्ये वाया जाणारे अंदाजे १३ टक्के वजा केले की उरतात १.९५ युनिट. म्हणजे २६०० नाही, १९५० वॅट-अवर. ताशी ५० च्या वेगाला रेंज ८५ वरून थेट ६४ वर आली. डॅशबोर्ड मात्र १०० टक्केच दाखवत होता, कारण टक्केवारी आजच्या टाकीची असते, मूळ टाकीची नव्हे.

दुसरी: वारा. त्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता, संध्याकाळी समोरून होता. समोरचा वारा ताशी १५ किमी धरला, तर ५० ने जाणाऱ्या गाडीला हवा ६५ ने येते. खर्च ३१ वरून ४६ वॅट-अवरवर जातो. सकाळच्या २८ किलोमीटरला ८६० वॅट-अवर गेले, उरले १०९०. भागिले ४६, म्हणजे २४ किमी. घर २८ वर. गाडी ४ किमी आधी बंद पडणार, आणि हर्सूल टी-पॉइंटपासून तिचं घर तेवढंच दूर!

इथे थांबा. हे वाचून "वा, काय जुळलं" असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण वाऱ्याचा १५ हा आकडा मी नंतर निवडला, गाडी कुठे बंद पडली हे माहीत असताना. १० धरला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. उत्तर माहीत असताना जुळवलेला हिशोब म्हणजे स्पष्टीकरण, भाकीत नव्हे. आरआरसीसमोर असा आलेख ठेवलात तर कोणीतरी हमखास विचारेल, "यातले आकडे आधी ठरवले होते की नंतर?"

तिसरी चूक सगळ्यात मोठी. मी "८५" म्हणाले आणि पुढे अधिक-उणे काहीच जोडलं नाही.

अधिक-उणे किती?

ताशी ५० ला एकूण बलातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा हवेचा. ०.६ हा माझा अंदाज १५ टक्क्यांनी चुकलेला असू शकतो. वाट्याने गुणलं की उत्तरात ११ टक्के. रोलिंगचा गुणांक २० टक्क्यांनी चुकला तर उत्तरात ६ टक्के. मोटरची कार्यक्षमता ५ टक्के, बॅटरीची ऊर्जा ५ टक्के. या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असं मानलं तर त्यांची सरळ बेरीज करायची नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. उत्तर: साधारण १४ टक्के.

म्हणजे नव्या बॅटरीला ८५ अधिक-उणे १२. जुनीला ६४ अधिक-उणे ९. ताईला हवेत ५६. ६४ मधून ९ गेले की ५५! हे मी आधी लिहिलं असतं, तर "बिनधास्त" हा शब्द तोंडातून निघालाच नसता.

आता इथे बरेच जण घसरतात. अधिक-उणे ९ चा अर्थ "काही दिवस ५५ जाईल, काही दिवस ७३" असा नाही. हा रोजचा चढ-उतार नव्हे, हे आपलं अज्ञान आहे. ड्रॅगचा खरा गुणांक माझ्या अंदाजापेक्षा जास्त असेल, तर तो सोमवारीही जास्त असेल आणि शनिवारीही. वारा रोज बदलतो, ती यादृच्छिक चूक; दहा दिवसांची सरासरी घेतली की ती कमी होते. चुकीचा गुणांक ही पद्धतशीर चूक. शंभर दिवसांची सरासरी घ्या, ती तिथेच बसून राहते. ती काढायला वेगळा प्रयोगच करावा लागतो.

तो प्रयोग तुम्हीही करू शकता

सपाट, मोकळा रस्ता आणि वारा नसलेली पहाट. गाडी ४५ च्या पुढे न्या, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकला हात लावू नका. ४२ वरून ३८ वर यायला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्या मित्राला मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या. मग वस्तुमानात त्याचंही वजन धरा. तसंच १४ वरून १० वर यायला किती लागतात तेही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटरचं रिजनरेशन सुरू होत असेल तर ते आधी बंद करा, नाहीतर तुम्ही हवा नाही, मोटर मोजाल.

वेगातला फरक भागिले वेळ म्हणजे मंदन. गुणिले वस्तुमान म्हणजे बल. कमी वेगाला हवा जवळपास नसतेच, तिथे रोलिंग मिळतं. जास्त वेगाला दोन्ही मिळून. दोन समीकरणं, दोन अज्ञात. माझे आकडे खरे असतील तर एकट्या ताईसह पहिली वेळ ३ सेकंदांच्या जरा वर आणि दुसरी ७ च्या आसपास यायला हवी. दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा करा, म्हणजे रस्त्याचा नकळत उतार कटून जातो.

शेवट काय झाला

त्या संध्याकाळी दोघींनी मिळून गाडी ढकलली. रस्ताभर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी आधी कागदावर लिहिलं: दोन्ही वेळा ताशी ४० ने चालवली, तर वारा नसताना ३४ टक्के उरतील, समोरून तोच वारा असला तर १६. कागद घडी घालून तिच्याकडे दिला. ती घरी पोचली तेव्हा २२ उरले होते. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, पण हे भाकीत होतं.

ताशी ५० ऐवजी ४० ने गेलं की एका बाजूला ८ मिनिटं जास्त लागतात. ताई आता ८ मिनिटं लवकर निघते. शिवाय प्राचार्यांची परवानगी घेऊन शिपाई काकांच्या खोलीत अर्धा-पाऊण तास चार्जर लावते, त्यामुळे परतताना जीव टांगणीला लागत नाही.

विषय शोधत असाल तर हाही एक विचार करा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, २०२४ मध्ये एथरने बिडकीनच्या ऑरिकमध्ये कारखाना उभारण्याचं जाहीर केलं. गाड्या आपल्या अंगणात बनणार असतील, तर मराठवाड्याच्या उन्हात आणि रस्त्यांवर त्या किती चालतात हे मोजणारी माणसंही इथलीच का नसावीत?

फक्त एक करा. कोणी विचारलं "किती जाईल?", तर उत्तर देण्याआधी तिला विचारा: कोणत्या वेगाने, कोणत्या रस्त्याने, बॅटरी किती जुनी? आणि मग आकडा सांगा, अधिक-उण्यासकट. कारण तुमच्या आकड्यावर विसंबून कोणीतरी संध्याकाळी घरी निघणार असतं.