‘इम्पॅक्ट’ची स्मॉल अक्षरं

मीमवरचा तो पांढरा, काळ्या किनारीचा, खांद्याला खांदा लावून उभा असलेला मजकूर दिसला की विनोद मागाहून कळतो. आधी मी अक्षरंच बघत बसतो. हा ‘इम्पॅक्ट’. इंटरनेटचं अपत्य म्हणून तो ओळखला जातो, पण जन्म 1965चा, शेफील्डच्या ‘स्टीफन्सन ब्लेक’ या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीतला. तिची वंशावळही तशी खानदानी: 1816च्या सुमारास रोमन लिपीतला सेरिफ (अक्षरांच्या टोकांच्या छोट्या आडव्या रेघा) नसलेला पहिला छपाईचा टाइप काढला तो विल्यम कॅस्लन चौथा यांनी, आणि 1819 साली त्यांची फाउंड्री विकत घेणारी मंडळीच पुढे स्टीफन्सन ब्लेक झाली.

मधली सव्वाशेहून जास्त वर्षं सोडून देऊ. 1954 साली स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेटेनश्वायलर यांनी आर्मिन हाब यांच्यासोबतच्या ‘लेटेरा’ या पुस्तकात एक अरुंद, ठसठशीत वर्णमाला छापली: ‘श्माल्फेट्टे ग्रोटेस्क’. होती फक्त कॅपिटल. जर्मनीतल्या ‘ट्वेन’ आणि फ्रान्सच्या ‘पारी माच’ या मासिक-साप्ताहिकांनी तिचे मथळे गाजवले. इंग्लंडमधल्या जाहिरातवाल्यांना तोच थाट हवा होता, पण टाइप मिळेना. मग छापील अक्षरं कापून, जुळवून मथळे चिकटवणं आलं.

इम्पॅक्ट रेखाटणारे जेफ्री ली त्याच धंद्यातले, जाहिरातींचे कलादिग्दर्शक. ठरावीक आकाराच्या खिळ्यातून कागदावर जास्तीत जास्त शाई उतरावी आणि स्मॉल अक्षरं होता होईल तेवढी उंच असावीत, असा आपला हेतू होता, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. भिंग घेऊन स्मॉल ‘ई’ पाहा. आतली पोकळी चिरेएवढीच उरली आहे, आणि उंचीत हे अक्षर कॅपिटलच्या जवळजवळ बरोबरीला आलंय. ‘बी’, ‘डी’च्या दांड्या जेमतेम डोकं वर काढतात. एवढं कोंबूनही शब्द वाचता येतो, ही लींची खरी करामत. कॅपिटलचा तोरा तर हेटेनश्वायलर यांनी आधीच दाखवला होता.

1996 साली मायक्रोसॉफ्टने वेबसाठी जे फाँट फुकट वाटले त्यांत इम्पॅक्ट होता. बहुतेक संगणकांवर आयता, कुठल्याही फोटोवर ठळक. मीमकारांना आणखी काय हवं? पण त्यांनी सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं. म्हणजे लींची मेहनत बाजूला पडली आणि मिरवलं ते 1954चं रूप. मला हा अन्याय वाटतो.

देवनागरीत अक्षरं उंच करण्याचा हा प्रश्न आपल्याला वेगळाच छळतो. वर वेलांटी, रफार, खाली उकार. त्यांना जागा ठेवायची म्हणजे ओळीची सगळी उंची अक्षराच्या अंगाला देता येत नाही. इम्पॅक्टमध्ये देवनागरी नाहीच. अरुंद मथळ्यांसाठी ‘इंडियन टाइप फाउंड्री’चे ‘तेको’ आणि ‘खंड’ आहेत, आणि ते फुकट मिळतात. मराठी मीम त्यांत करा. इंग्रजीत करायचंच असेल, तर इम्पॅक्ट निवडा आणि एकदा कॅप्स लॉक काढून बघा.