सिगारचे गुणपरीक्षण, हॅव्हाना

क्यूबामध्ये हाताने वळलेल्या सिगारची बांधणी, ओढ, ज्वलन, सुगंध, चव व तीव्रता तपासून त्याची प्रत ठरविण्याची पद्धत. तपासलेला नमुना जळून जात असल्याने थोड्या नमुन्यांवरून संपूर्ण मालाविषयी अनुमान करावे लागते. शिवाय प्रत्येक सिगार स्वतंत्रपणे वळलेला असल्याने दोन नमुने तंतोतंत सारखे नसतात. म्हणून आढळलेला दोष पानाचा, वळणाऱ्या हाताचा की साठवणीचा, हे ओळखणे हा या परीक्षणाचा मुख्य भाग होय.

क्यूबातील मूळ रहिवासी तंबाखूच्या पानांची गुंडाळी ओढीत असल्याचे कोलंबसच्या सफरीतील रोद्रीगो दे हेरेस व लूइस दे तोरेस यांनी १४९२ मध्ये पाहिले. पुढे राजधानीच्या नावावरून या सिगारला हॅव्हाना हे नाव मिळाले. यासाठी लागणारा उत्तम तंबाखू मुख्यत्वे देशाच्या पश्चिमेकडील पीनार देल रीओ प्रांतातील व्ह्वेल्ता आबाहो भागात होतो. दक्षिण भारतातील चिरूट हा याच जातीचा पदार्थ असला, तरी त्याची दोन्ही टोके सामान्यतः उघडी असतात. हॅव्हाना सिगारचे तोंडाकडील टोक पानाच्या लहान टोपीने बंद केलेले असते व ओढण्यापूर्वी ते कापावे लागते.

घटक व बांधणी : सिगारचे तीन भाग असतात : आतील भरण (त्रिपा), ते आवळून धरणारे बंधनपान (कापोते) आणि बाहेरील वेष्टनपान (कापा). वेष्टनपानाची रोपे कापडी आच्छादनाखाली वाढवितात. त्यामुळे पान पातळ व मुलायम होते. भरणाची पाने उघड्या उन्हात वाढतात. झाडाच्या खालच्या भागातील ‘व्होलादो’ पाने ज्वलनास मदत करतात, मधली ‘सेको’ सुगंध देतात व शेंड्याकडील ‘लिहेरो’ तीव्रता देतात. लिहेरो सावकाश जळत असल्याने ते भरणाच्या मध्यभागी ठेवतात. वाळविलेल्या पानांचे ढीग रचून त्यांचे किण्वन केले जाते. त्यामुळे पानांतील उग्रपणा कमी होतो. वळणारा कारागीर (तोर्सेदोर) भरणाची पाने चुण्यांसारखी दुमडून एकत्र धरतो; त्या चुण्यांतून हवा खेळते. वेष्टनपान कापण्यासाठी तो ‘चावेता’ नावाचे बिनमुठीचे पाते वापरतो.

कारखान्यातील तपासणी : वळून झालेल्या सिगारांची लांबी, जाडी व वजन पाहतात. जाडी इंचाच्या चौसष्टांशांत मोजतात, उदा., ‘कोरोना’ आकाराचा सिगार १४२ मिमी. लांब व ४२ मापाचा, म्हणजे सु. १६·७ मिमी. व्यासाचा असतो. गुंडाळीतून हवा कितपत जाते हे यंत्राने तपासता येते. परंतु चव केवळ माणसालाच पारखता येते. हे काम चव पारखणारे (कातादोर) करतात. ते सिगारचा आरंभीचा भागच ओढतात व दोन नमुन्यांच्या दरम्यान बिनसाखरेचा चहा घेऊन जीभ स्वच्छ करतात. पीक दरवर्षी बदलत असले, तरी प्रत्येक नाममुद्रेचे ठरलेले मिश्रण कायम राहते की नाही, हे त्यांच्या निर्णयावर अवलंबून असते.

बाह्य परीक्षण : चांगल्या सिगारचे वेष्टन एका रंगाचे, किंचित तेलकट चकाकीचे व ठळक शिरा नसलेले असते. रंग फिकट पिंगट ते जवळजवळ काळा असू शकतो. केवळ गडद रंगावरून सिगार तीव्र आहे असे ठरत नाही. बोटांनी हलके दाबल्यास सर्वत्र सारखा लवचिकपणा जाणवावा. कठीण गाठ लागल्यास भरण तेथे अधिक दाटले आहे आणि मऊ जागा लागल्यास ते अपुरे आहे, असे समजतात. टोपी अशी कापतात की वेष्टन उलगडू नये. त्यानंतर न पेटविताच एक झुरका घेऊन ओढ व पानांचा मूळ स्वाद पाहतात.

ज्वलन : सिगारचे टोक ज्योतीला न टेकवता थोड्या अंतरावर फिरवून सर्व बाजूंनी सारखे पेटवितात. घाईने झुरके घेतल्यास धूर तापून कडवट लागतो, म्हणून सु. मिनिटाला एक झुरका घेण्याची प्रथा आहे. एकच बाजू पुढे जळत जाणे, गाभा आधी जळून बोगदा पडणे किंवा ओढ अडणे ही बहुधा सदोष बांधणीची लक्षणे असतात. पण हेच दोष ओलसर साठवणीमुळेही उद्‌भवतात. साठवणीसाठी साधारणतः १६°–१८° से. तापमान व ६५–७० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. उष्ण जागी तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबून अळ्या पान पोखरतात. नव्या सिगारचा उग्र दर्प काही काळ मुरविल्यावर ओसरतो. हे न पाहता दिलेला निर्णय कारागिरावर अन्याय करणारा ठरतो.

चव व तीव्रता : धूर तोंडात घोळवून त्यातील थोडा नाकावाटे सोडतात, कारण स्वादाची बरीचशी जाणीव घ्राणेंद्रियामुळे होते. देवदाराचे लाकूड, माती, चामडे, कॉफी, कोको, मिरी, वाळलेले गवत इ. शब्दांनी स्वादाचे वर्णन करतात. ही केवळ साम्ये होत. असे पदार्थ सिगारमध्ये मिसळलेले नसतात. सिगारचे तीन समान भाग कल्पून प्रत्येकाची नोंद स्वतंत्र करतात. धुरातील घटक न जळलेल्या पानांत साचत गेल्याने शेवटचा भाग अधिक जहाल लागतो. तीव्रता म्हणजे गुणवत्ता नव्हे. सौम्य सिगारही उत्तम असू शकतो. चवीतील समतोल व टप्प्याटप्प्याने होणारा बदल यांना अधिक महत्त्व देतात.

गुणांकन : काही नियतकालिके शंभरपैकी गुण देतात. नाव पाहून मत बनू नये म्हणून कागदी पट्टी काढून चाचणी घेतात. या दक्षतेला व्यापारी कारणही आहे. १९६० मध्ये क्यूबातील सिगार कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले; देश सोडलेल्या काही मालकांनी जुनीच नावे अन्यत्र वापरली. त्यामुळे एकाच नावाचे क्यूबन व बिगर-क्यूबन सिगार प्रचारात आले. खोक्यावरील शासकीय हमीपट्टी १९१२ पासून प्रचलित आहे. परंतु ती मूळस्थानाची ग्वाही देते, चवीची नव्हे. बनावट पट्ट्याही आढळतात.

आरोग्य : सिगारचा धूर क्षारधर्मी असल्याने छातीत न घेताही त्यातील निकोटीन तोंडाच्या श्लेष्मकलेतून रक्तात जाते. सिगार ओढल्याने मुख, स्वरयंत्र, ग्रसिका व फुप्फुस यांचे कर्करोग होतात. उत्तम प्रतीमुळे हा धोका कमी होत नाही.