तीन चौकोन

मे महिन्यातला रविवार, संध्याकाळचे सहा. ट्रॉम्बेच्या शेवटच्या स्टॉपवर बसमधून उतरतो. कोळीवाड्याकडून वाळत घातलेल्या जवळ्याचा वास येतोय. दुसऱ्या अंगाला चीता कॅम्पच्या गल्ल्या. दोन दुकानांच्या मधून एक लोखंडी जिना वर जातो आणि पत्र्याखालच्या लांबट खोलीत पोचवतो. आठवडाभर इथे शिकवणीचे वर्ग भरतात, रविवारी उपासना होते. फळ्यावरचा भागाकार अर्धाच पुसलाय, बाकी अजून दिसतेय.

दारात चपलांचा ढीग. "सलाम," म्हणत एक आजोबा हात पुढे करतात. नगर-जालन्याकडून आलेल्या मराठी ख्रिस्ती घरांतली ही जुनी रीत. त्यांची नात मात्र येणाऱ्या प्रत्येकाला "प्रेज द लॉर्ड" म्हणते.

सतरंजीवर तीस-पस्तीस माणसं. दोन पंखे, त्यातला एक नुसताच आवाज करणारा. गाणी होतात, ढोलकी थांबते आणि पाळक संदेशाला उभे राहतात. विषय जक्कयचा. ठेंगणा, पैसेवाला, लोकांनी ओवाळून टाकलेला जकातदार. येशू दिसावा म्हणून उंबरावर चढून बसतो. येशू खाली थांबतो, वर बघतो आणि त्याला म्हणतो, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. "उंबर कुणाच्या दारात होता का?" पाळक विचारतात. दोन-तीन हात वर होतात. "मग कळेल तुम्हाला. चढणं सोपं, उतरताना सगळं गाव बघतं."

की-बोर्डवाला पोरगा हळूच जागेवर येऊन बसतो आणि एक लांब सूर धरतो. नेहमीच्या माणसाला कळतं, आता आमंत्रण.

"सगळ्यांनी डोळे मिटा. कुणी इकडेतिकडे बघू नका. ज्याला आपलं ओझं प्रभूजवळ द्यावंसं वाटतंय, त्याने बसल्या जागी हात वर करावा." लिहायला आलोय म्हणून मी डोळे किलकिले ठेवतो. एक हात वर होतो, कॉलेजातल्या पोराचा. "हा दर महिन्याला करतो," आजोबा कुजबुजतात. म्हणजे त्यांचेही डोळे उघडेच.

"ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे या."

ही रीत वाटते तितकी जुनी नाही. 1830 च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फिनी हा प्रचारक सभेत पुढचा बाक राखून ठेवायचा. ज्याचं मन अस्वस्थ झालंय, त्याने उठून त्यावर येऊन बसायचं. इथे बाक नाही, फळ्यासमोरची हातभर मोकळी सतरंजी आहे. पण कॉलेजातला पोरगा तिथे जाऊन गुडघे टेकतो, तेव्हा सगळ्या खोलीचं लक्ष त्या हातभर जागेवर खिळतं.

माझ्या पुढच्या ओळीत चाळिशीची एक बाई बसलीय. शेजारणीबरोबर आलीय, बहुधा पहिल्यांदाच. डोळे मिटलेत, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, पुन्हा गुंडाळतेय.

तेवढ्यात बाहेरून मगरिबची अजान सुरू होते. पाळक हाताने खूण करतात, की-बोर्ड थांबतो. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. कुणी काही बोलत नाही. अजान संपल्यावर मला वाटतं, आता पुन्हा सूर लागेल, आवाज चढेल. तसं होत नाही. "जबरदस्ती कुणावरच नाही," पाळक साध्या आवाजात म्हणतात. "घरी जा, विचार करा." आणि समाप्तीची प्रार्थना होते.

चहा घेताना मी त्यांना या वाक्याबद्दल छेडतो. ते हसतात. घटनेचं 25 वं कलम धर्माचा प्रचार करायची मोकळीक देतं, पण 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. हे त्यांना पाठ आहे. "पण कायदा नसता तरी हेच म्हटलं असतं," ते म्हणतात. "आपण हाक मारायची. ओ द्यायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

आजोबांच्या मांडीवर 'उपासना संगीत' आहे, कव्हर दोऱ्याने शिवलेलं. त्यात नारायण वामन टिळकांची गीतं आहेत. टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, त्यानंतर दोनेक वर्षांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी, त्यांनी याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संसार मोडला. पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला 1900 साल उजाडलं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ती मधली वर्षं ठाऊक आहेत. एकाच घरात एकाच हाकेला ओ द्यायला दोघांना इतका वेगवेगळा वेळ लागला. पुढे येण्याला किती मिनिटं द्यावीत, याचं गणित मग कुठल्या फळ्यावर मांडायचं?

आजोबांची नात नव्या माणसांना झेरॉक्स केलेल्या चिठ्ठ्या वाटतेय. नाव, वस्ती आणि खाली तीन चौकोन. ती बाई चिठ्ठी हातात घेते आणि परत तिच्याच हातात देते. "वाचून दाखव गं."

"मी आज येशूचा माझा तारणारा म्हणून स्वीकार करते," मुलगी वाचते.

"ते राहू दे."

"माझ्यासाठी प्रार्थना करावी."

"पोराच्या कामासाठी. लिही."

"माझ्या घरी भेट द्यावी."

बाई जरा थांबते. शेजारणीकडे बघते. "ह्याच्यावर कर खूण. गुरुवारी या म्हणावं. सातनंतर, त्याआधी पाणी भरायचं असतं. आणि चहाला नाही म्हणायचं नाही."

चिठ्ठी पाळकांच्या हातात येते. ते पहिला रिकामा चौकोन बघतात, काही बोलत नाहीत. खिशातून डायरी काढतात आणि लिहितात: गुरुवार, सात.