दुधात 'कात्रजचा घाट' दाखवला तर? गोठ्यापासून पिशवीपर्यंत कोणता कायदा कुठं लागतो, समजून घ्या

कात्रज (पुणे) : एखाद्यानं गोड बोलून फसवलं की आपल्याकडं म्हणतात, "त्यानं कात्रजचा घाट दाखवला." बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शाहिस्तेखानाच्या फौजेला चकवलं, ती गोष्ट 1663 सालची. आज त्याच कात्रजमध्ये पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी आहे आणि जिल्ह्यातल्या गावागावांतलं दूध तिथं येतं. पहाटे धार काढणारा शेतकरी आणि सकाळी शहरात पिशवी फोडणारं कुटुंब, या दोघांच्या मध्ये संकलन केंद्र, बल्क कूलर, टँकर, डेअरी, एजंट आणि दुकानदार असतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर कोणी घाट दाखवला तर कायदा काय म्हणतो, हे दोन्ही टोकांच्या माणसांना माहीत असायला हवं. कारण नाव खराब होतं ते दुधाचं, आणि दर पडतो तो शेतकऱ्याचा.

मुख्य कायदा कोणता?

भेसळीसाठी देशात आधी 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता. तो आता नाही. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 आला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून त्याची देशभर अंमलबजावणी सुरू झाली. दुधाचे निकष ठरवण्याचं काम केंद्राचं प्राधिकरण करतं, त्याला सगळे एफएसएसएआय म्हणतात. तपासणी, नमुने, कारवाई ही कामं राज्यात अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए करतं.

या कायद्यानं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, निकृष्ट दर्जाचं अन्न. दोन, असुरक्षित अन्न. दुधात नुसतं पाणी घातलं, फॅट आणि एसएनएफ निकषाच्या खाली गेलं, तर ते सहसा निकृष्ट दर्जात मोडतं. त्यासाठी 5 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, तुरुंग नाही. युरिया, डिटर्जंट असं आरोग्याला घातक काही घातलं, तर प्रकरण असुरक्षित अन्नाकडं जातं आणि तिथं तुरुंग आहे. खाणाऱ्याला गंभीर इजा झाली तर 6 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. मृत्यू झाला तर किमान 7 वर्षं, जन्मठेपेपर्यंत, आणि दंड किमान 10 लाख. भेसळीचा घातक माल नुसता जवळ बाळगला तरी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेतकऱ्याला हा कायदा लागतो का?

याबाबत गावात बराच गोंधळ आहे. कायद्याच्या कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिलंय की शेतकरी, त्याची शेतीची कामं, जनावरं आणि शेतावर तयार झालेला माल यांना हा कायदा लागू नाही. दुसरी सवलत 2011 च्या नियमांत आहे. जो शेतकरी सहकारी दूध संस्थेचा सभासद आहे आणि आपलं सगळं दूध त्याच संस्थेला घालतो, त्याला वेगळी नोंदणी करावी लागत नाही.

पण दुसऱ्यांचं दूध गोळा करून विकायला लागला की तो अन्न व्यावसायिक झाला. मग नोंदणी किंवा परवाना लागतो. संकलन केंद्र, टँकरवाला, पनीर-खवा करणारा, चहाचा गाडा, सगळे यात आले. आणि सवलत आहे म्हणून कॅनमध्ये काहीही ओतलं तर चालतं, असं नाही. अन्नात घातक भेसळ करणं हा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 274 खालीही गुन्हा आहे. तो कोणालाही लागतो.

दर कमी मिळाला म्हणजे भेसळ ठरली का?

नाही. गायीच्या दुधाचा कायद्यातला किमान निकष 3.2 फॅट आणि 8.3 एसएनएफ असा आहे. राज्यात खरेदीचा दर मात्र 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून जाहीर होतो. म्हणजे एखाद्याच्या गायीचं दूध 3.3 आणि 8.4 लागलं, तर दरात कपात होईल, पण ते दूध कायद्याच्या निकषात बसतंय. उन्हाळ्यात वैरण कमी पडली, गाय नुकतीच व्यालेली असली, जात बदलली, तरी फॅट खाली-वर होतं. पॉइंट कमी आला म्हणून "पाणी घातलं" असा शिक्का मारणं बरोबर नाही. प्रत्येक वेळी फॅट, एसएनएफ, लिटर आणि दर लिहिलेली पावती घ्यायची. आकडा पटला नाही तर आपल्यासमोर पुन्हा तपासून मागायचं. पावत्या जपून ठेवायच्या, कारण पुढं वाद झाला तर त्याच कामाला येतात.

काट्याचंही तसंच. वैधमापन कायदा, 2009 नुसार व्यवहारातला प्रत्येक काटा पडताळून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा होते आणि त्याचं प्रमाणपत्र केंद्रावर दिसेल असं लावायचं असतं. प्रत्येक लिटरमागं थोडं थोडं कमी भरलं, तर दोन वेळच्या दुधात महिन्याला किती जातं, याचा हिशेब घरी बसून करता येतो. शंका आली तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार करता येते.

भेसळीपेक्षा मोठी अडचण गोठ्यात आहे

एफएसएसएआयनं 2011 साली देशभरातून 1,791 नमुने तपासले, त्यातले 68 टक्क्यांहून जास्त निकषात बसले नाहीत. त्यावर मोठा गाजावाजा झाला. पण त्यात मुख्य कारण पाणी घालणं आणि फॅट-एसएनएफ कमी असणं हे होतं. सुप्रीम कोर्टानंही 5 ऑगस्ट 2016 च्या निकालात दूध भेसळीविरुद्ध कायद्याची अंमलबजावणी नीट करा, असं राज्यांना बजावलं.

पुढं 2018 मध्ये जास्त मोठी पाहणी झाली, 6,432 नमुन्यांची. त्यात थेट भेसळीचे नमुने निघाले फक्त 12. पण 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त होतं आणि 77 नमुन्यांत अँटिबायोटिकचा अंश जास्त होता. या दोन्ही गोष्टी कोणी मुद्दाम दुधात घालत नाही. त्या गायीच्या पोटातून आणि सडातून येतात.

अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आहे. ओल लागलेली शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मका, नीट न दाबलेला मुरघास यावर बुरशी धरते. ते गायीनं खाल्लं की एक-दोन दिवसांत विष दुधात उतरतं. दूध उकळलं तरी ते जात नाही. कायद्यात त्याची मर्यादा किलोमागं 0.5 मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. इलाज साधा आहे : पेंडीची पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायची, बुरशी आलेला भाग "गुरांनाच घालायचंय" म्हणून घालायचा नाही. खाद्य बदललं की काही दिवसांत दूध स्वच्छ होतं.

अँटिबायोटिकचं कारण बहुतेक वेळा दगडी, म्हणजे कासेचा दाह. इंजेक्शन दिलं, सडात ट्यूब सोडली की औषधावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध कॅनमध्ये घालायचं नाही. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून घ्यायचं. एका गोठ्यातलं असं दूध बल्क कूलरमध्ये मिसळलं की गावाचं सगळं दूध नापास होऊ शकतं. शिवाय त्यात दह्याचं विरजणही नीट लागत नाही.

पान्ह्याचं इंजेक्शन हा वेगळाच विषय. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, दूध वाढावं म्हणून जनावराच्या तब्येतीला अपाय करणारं इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे. त्यात 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जनावरही सरकारजमा होतं.

पेंड खराब निघाली तर शेतकरी ग्राहक आहे का?

आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्याआधी 1986 चा होता. व्यापारासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला कायद्यानं सूट दिलीय. बियाण्यांच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 2012 साली शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सांगितलं. म्हणून पेंडीचं, औषधाचं, चारा बियाण्याचं बिल घ्यायचंच. बिल नाही तर तक्रार उभी राहात नाही.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करायची. माल घेतलेल्या ठिकाणीच जावं लागतं असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत 2 वर्षांची. ग्राहकांच्या हक्काची ही चळवळ पुण्यालाच जवळची आहे. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, देशात पहिला ग्राहक कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी.

पिशवी घेणाऱ्यानं काय बघायचं?

गावातही आता पिशवीचं दूध येतं. पिशवीवर या गोष्टी असायलाच हव्यात : 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक, दुधाचा प्रकार, निव्वळ माप, वापरायची मुदत, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क. प्रकार नीट वाचायचा. फुल क्रीममध्ये किमान 6 फॅट, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5, टोन्डमध्ये 3 आणि डबल टोन्डमध्ये 1.5 असतं. टोन्ड दूध पातळ लागलं म्हणजे भेसळ झाली असं नाही, ते तसंच असतं.

काही ठिकाणी पिशवीमागं एक-दोन रुपये जास्त घेतात आणि "कूलिंग चार्ज" म्हणतात. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात आणि त्याच्यावर पैसे घेणं नियमात बसत नाही. दूध थंड ठेवणं हे विकणाऱ्याचंच काम आहे.

घरी करता येणारी तपासणी

- पाणी : गुळगुळीत, तिरक्या पृष्ठभागावर थेंब सोडा. चांगलं दूध हळू सरकतं आणि मागं पांढरी रेघ ठेवतं. पाणी असलं तर रेघ न ठेवता पटकन ओघळतं.
- डिटर्जंट : दूध आणि पाणी सारखं घेऊन जोरात हलवा. दाट, टिकणारा फेस आला तर शंका घ्यायची.
- स्टार्च : दूध उकळून गार करा, टिंक्चर आयोडीनचे 2-3 थेंब टाका. निळसर झालं तर पीठ किंवा स्टार्च आहे.
- युरिया : चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं पीठ हलवा. पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला तर युरियाची शंका.

या घरगुती तपासणीवरून कोणाला दोषी धरता येत नाही. तिच्यावरून फक्त तक्रार करायची की नाही, हे ठरवायचं.

तक्रार केली की पुढं काय होतं?

अन्न सुरक्षा अधिकारी येऊन नमुना घेतो आणि त्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडं, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडं. चौथा भाग व्यावसायिकानं मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. अहवाल 14 दिवसांत अपेक्षित असतो. तो मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. म्हणजे एकाच तपासणीवर कोणाचा धंदा बसवायचा नाही, अशी सोय कायद्यात आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यानं चौथ्या भागाची मागणी नमुना घेतानाच करावी, हे अनेकांना माहीत नसतं.

ग्राहक स्वतःही दूध तपासून घेऊ शकतो. कलम 40 नुसार विकत घेतानाच विकणाऱ्याला तसं सांगायचं, फी भरायची. नमुना नापास झाला तर फी परत मिळते. खराब अन्नानं मृत्यू झाला तर घरच्यांना किमान 5 लाख रुपये भरपाईची तरतूद आहे, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत.

कुठं सांगायचं?

- भेसळीची शंका : एफडीए, टोल फ्री 1800 222 365. मोबाइलवर एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट अॅपही आहे.
- एमआरपीपेक्षा जास्त पैसे, काट्यात कमी : जिल्ह्याचं वैधमापन कार्यालय.
- बिलाचा, मालाचा वाद : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. मराठीतही बोलता येतं.

फोन करण्याआधी पिशवी फेकू नका. पिशवीचा, बॅच नंबरचा आणि बिलाचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा. आणि डेअरीला दूध घालणाऱ्यांनी आज संध्याकाळी धारेला बसण्याआधी पेंडीच्या पोत्यात एकदा हात घालून बघा. ओल लागली, कुबट वास आला, तर ते पोतं बाजूला ठेवा.